खिडकींतली मंडळी

कपड्यालत्त्याच्या गप्पा हा केवळ स्त्रियांचा प्रांत आहे, असें पुरुषवर्ग मोठ्या ऐटीनें सांगत असतो. परंतु इतिहास उघडून पाहिला तर ह्या समजुतीला फारसा आधार सांपडत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनच्या सेंट जेम्स रस्त्यावरील एका क्लबाच्या खिडकींत पांचसहा गृहस्थ बसत असत. त्यांच्यांत कोणी सेनापति नव्हता, कोणी मंत्री नव्हता, कोणी मोठा ग्रंथकारही नव्हता. अमक्याचा कोट पाठीवर कसा बसला, तमक्याच्या बुटाला चकाकी किती, आणि गळपट्ट्याची घडी कोठें चुकली, हे त्यांच्या बोलण्याचे विषय. युरोपांत त्या वेळीं नेपोलियनशीं युद्ध चालू होतें, राज्यें उलथत होतीं. तरीसुद्धां त्या रस्त्यानें जातांना मोठमोठ्या उमरावांची नजर त्या खिडकीकडे जाई आणि लगेच आपल्या कोटाकडे वळे. ही मंडळी कोण होती, त्यांच्या रिकाम्या गप्पांना एवढें वजन कशानें आलें, आणि त्या वजनाची किंमत शेवटीं कोणीं दिली, ही हकीकत मनोरंजक आहे आणि विचार करण्याजोगीही आहे.

अठराव्या शतकांतील युरोपियन सरदार डोळ्यांपुढें आणा. अंगांत रेशमी कोट, त्यावर जरीचें व रंगीत रेशमाचें भरतकाम. मनगटाशीं व गळ्याशीं झालरी. गुडघ्यापर्यंत तुमान, त्याखालीं रेशमी मोजे, बुटांवर चकचकीत बकलें. आणि डोक्यावर पांढऱ्या भुकटीनें माखलेला केसांचा टोप. हा पोशाख म्हणजे दर्जाचा शिक्का होता. ज्याच्या अंगावर अधिक जर, तो अधिक मोठा, हा हिशेब सर्वांनाच कळे. १७७० च्या सुमारास इटलीची सफर करून आलेल्या कांहीं इंग्रज तरुणांनीं तर ह्या थाटाची परमावधि केली. त्यांना लोक ‘मॅकरोनी’ म्हणूं लागले. त्यांचे गगनाला भिडणारे टोप व त्यावरील इवलीशी टोपी ह्यांवर व्यंगचित्रकारांचा काळ मोठा सुखाचा गेला.

पण ह्याच सुमारास वारा फिरूं लागला होता. इंग्लंडचा जमीनदार वर्षांतले बरेच महिने खेड्यांत राही, घोड्यावर बसे, शिकारीला जाई. काट्याकुट्यांतून रेशीम घालून घोडा फेंकणें शक्य नव्हतें. म्हणून लोकरीचा साधा कोट, कातड्याची तुमान आणि उंच बूट हा त्याचा नित्याचा वेष झाला. १७८९ सालीं फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली आणि जरीचा कोट हें केवळ वैभवाचें नव्हे, तर धोक्याचेंही चिन्ह ठरलें. १७९५ सालीं पिट ह्या प्रधानमंत्र्यानें युद्धाच्या खर्चासाठीं केसांच्या भुकटीवर माणशीं वर्षाला १ गिनी कर बसविला. तेव्हां अनेकांनीं ती भुकटीच सोडून दिली. अशा वेळीं जुना थाट मोडून पडत होता, पण त्याच्या जागीं काय यावें हें कोणाला नीट ठाऊक नव्हतें. तें ठरविण्याचें काम एका मध्यम घराण्यांतील तरुणाकडे आलें.

जॉर्ज ब्रायन ब्रमेल हा ७ जून १७७८ रोजीं लंडनमध्यें जन्मला. त्याचें कुळ सरदारी नव्हतें. बाप लॉर्ड नॉर्थ ह्या प्रधानमंत्र्याचा खासगी चिटणीस. त्या नोकरींत त्यानें चांगली माया जमविली आणि मुलाला ईटनच्या शाळेंत घातलें. पुढें थोडा काळ ऑक्सफर्डच्या ओरियल कॉलेजांत काढल्यावर, १७९४ सालीं, म्हणजे बाप वारला त्याच वर्षीं, हा सोळा वर्षांचा मुलगा दहाव्या घोडदळ पलटणींत अधिकारी झाला. ही पलटण प्रिन्स ऑफ वेल्सच्या खास मर्जींतील होती आणि युवराजाला पोशाखाचा षोक अनावर होता. दोघांचें सूत जमण्यास वेळ लागला नाहीं. १७९६ सालीं ब्रमेल कॅप्टन झाला. १७९८ सालीं पलटणीला मँचेस्टरला जाण्याचा हुकूम सुटला, तेव्हां लंडन सोडून त्या गिरण्यांच्या गांवीं राहणें आपल्याला मानवणार नाहीं म्हणून त्यानें नोकरीला रामराम ठोकला. १७९९ सालीं तो सज्ञान झाला व बापाच्या मिळकतींतून २० ते ३० हजार पौंडांचा त्याचा वांटा त्याच्या हातीं आला. सामान्य माणसाच्या दृष्टीनें ही दौलत मोठी; परंतु ज्यांच्या पंक्तीला त्याला बसावयाचें होतें, त्या ड्यूकांच्या उत्पन्नापुढें ती कांहींच नव्हती. चेस्टरफील्ड रस्त्यावर ४ नंबरच्या घरांत त्यानें आपलें बिऱ्हाड मांडलें.

ब्रमेलचा पोशाख ऐकून आज कोणालाही आश्चर्य वाटेल, कारण त्यांत आश्चर्य करण्यासारखें कांहीं नव्हतें. दिवसा निळा कोट, त्याला पितळी बटणें, फिकट बदामी जाकीट, हरणाच्या कातड्याची तुमान आणि काळे उंच बूट. रात्रीं निळाच कोट, पांढरें जाकीट आणि घोट्यापर्यंत घट्ट बसणारी काळी विजार. भरतकाम नाहीं, झालर नाहीं, अत्तर नाहीं. अत्तराऐवजीं स्वच्छता हवी, असें त्याचें सांगणें असे. अंगांतला सदरा बारीक सुताचा असावा, असे सदरे पुष्कळ असावे, आणि ते धुण्यासाठीं शहराबाहेर मोकळ्या हवेंत पाठवावे. रोज स्नान, रोज दाढी, रोज दांत घांसणें, हा त्याचा नेम. आपल्याकडे ह्यांत नवल नाहीं. पण ज्या समाजांत सुवासिक भुकटीखालीं मळ झांकण्याची रीत होती, तेथें हा नेम क्रांतिकारक होता. ब्रमेलचा प्रातर्विधि पाहण्यासाठीं युवराज स्वतः चेस्टरफील्ड रस्त्यावर येऊन बसे.

त्या विधींतला कळस म्हणजे गळपट्टा. त्याच्यापूर्वीं गळ्याभोवतीं मलमलीचा पट्टा गुंडाळीत, तो लोंबे आणि छातीवर गोळा होई. ब्रमेलनें त्याला बेताची खळ दिली. सदऱ्याची कॉलर उभी केली म्हणजे तिच्यांत त्याचें सारें तोंड झांकून जाई. ती खालीं दुमडून, वर पट्टा बांधून, मान वर करून तो हनुवटी हळूहळू खालीं आणी, आणि तिच्या दाबानें पडतील त्या सुरकुत्या कायम ठेवी. पहिल्या प्रयत्नांत जमलें नाहीं तर दुरुस्ती करावयाची नाहीं. तो पट्टा टाकून नवा घ्यावयाचा. रॉबिन्सन नांवाचा त्याचा चाकर एकदां चुरगळलेल्या पट्ट्यांचा भारा घेऊन जिना उतरत होता. हें काय, असें कोणीं विचारल्यावर, हीं आमचीं अपयशें, असें त्यानें गंभीरपणें सांगितलें, ही गोष्ट सर्व लंडनभर झाली.

ह्या मलमलीचा हिंदुस्थानाशीं जवळचा संबंध होता. ढाक्याच्या मलमलीची कीर्ति युरोपांत फार जुनी. परंतु १७७९ सालीं क्रॉम्प्टननें सूत कातण्याचें नवें यंत्र तयार केलें. त्यावर बारीक सूत निघूं लागलें आणि लँकशायर व स्कॉटलंडमध्यें मलमल विणली जाऊं लागली. लंडनचे षोकी लोक पट्ट्याच्या घडीवर सकाळ घालवीत होते, त्याच वर्षांत बंगालमधील विणकराच्या मागावरचें काम कमी होत चाललें होतें. खिडकींतल्या मंडळींना ह्याची दादही नव्हती.

कोटाची गोष्ट शिंप्यांच्या हातची. रेशीम आपल्याच मर्जीप्रमाणें लोंबतें. लोकरीची बनात मात्र वाफेनें व इस्त्रीनें ताणतां येते, दाबतां येते, तिला शरीराचा आकार देतां येतो. ही विद्या लंडनच्या शिंप्यांना चांगली अवगत होती. श्वाइत्सर व डेव्हिडसन, वेस्टन आणि मेयर हे ब्रमेलचे शिंपी. घोट्यापाशीं विजार फांकवून ती बटणांनीं व फांसांनीं बंद करण्याची युक्ति ब्रमेलची कीं मेयरची, ह्यावर पुढें वाद झाला. एकदां एका सरदारानें कोणतें कापड घ्यावें असें श्वाइत्सरला विचारलें. युवराज अमुक कापड वापरतात, ब्रमेलसाहेब तमुक वापरतात. तेव्हां ब्रमेलसाहेबांचेंच घेऊं, त्याला किंचित् अधिक पसंती आहे, असें त्या व्यवहारी माणसानें उत्तर दिलें. भावी राजापेक्षां चिटणिसाच्या मुलाचें कापड अधिक खपतें, हें शिंप्याच्या दुकानांत सर्वांच्या आधीं कळलें होतें.

आतां त्या खिडकीकडे वळूं. सेंट जेम्स रस्त्यावरील व्हाइट्स क्लब हा मूळचा १६९३ सालचा चॉकलेट पिण्याचा अड्डा. १८११ सालीं त्याचें पुढचें दार हलवून जुन्या दाराच्या जागीं रस्त्यावर पुढें आलेली एक गोलाकार खिडकी बांधण्यांत आली. ब्रमेल आणि त्याचे मित्र लॉर्ड अल्वन्ली, मिल्डमे, पिअरपॉइंट इत्यादींनीं ती बळकावली. क्लबाचा साधा सभासद त्या खुर्च्यांवर बसण्यास धजत नसे. रस्त्यावरून जाणाऱ्या ओळखीच्या माणसानें टोपी काढून नमस्कार केला तर खिडकींतून उत्तर द्यावें कीं नाहीं, ह्यावर मंडळींत गंभीरपणें खल झाला आणि देऊं नये असें ठरलें. त्या खिडकींतल्या शब्दाची किंमत केवढी समजली जाई, ह्याची एक गोष्ट आहे. ब्रमेलनें एकाकडून उसने पैसे घेतले होते. त्यानें ते परत मागितले, तेव्हां ब्रमेल म्हणाला कीं, ते तर फेडले. व्हाइट्सच्या खिडकींत मी उभा होतों आणि तुम्हीं खालून जातांना मी तुमचें कुशल विचारलें, तेव्हांच.

ह्या मंडळीचें संभाषण कसें चाले? त्यांत व्याख्यान नसे. एक भुवई वर जाई, दोन शब्द पडत, आणि समोरच्याचा शिंपी बदले. बेडफर्डच्या ड्यूकनें नवा कोट दाखवून मत विचारलें. ब्रमेलनें त्याला पुढून पाहिलें, मागें वळावयास सांगून पाठमोरा पाहिलें, कॉलरची किनार दोन बोटांत धरली आणि, ह्याला तुम्ही कोट म्हणतां काय, एवढेंच विचारलें. युवराजाचा कोट ब्रमेलला आवडला नाहीं हें ऐकून युवराजाच्या डोळ्यांत पाणी आलें, असेंही सांगत. कोणा प्रवाशानें उत्तर इंग्लंडमधील सरोवरांपैकीं तुम्हांला कोणतें आवडलें, असें विचारून त्याला भंडावलें, तेव्हां त्यानें रॉबिन्सनकडे वळून, आपल्याला कोणतें सरोवर आवडतें रे, असें विचारलें. आणि चाकरानें विंडरमिअरचें नांव घेतल्यावर तेंच उत्तर पाहुण्याला दिलें.

ह्या टवाळीच्या मुळाशीं एक सिद्धांत मात्र होता. रस्त्यांतला सामान्य माणूस तुमच्याकडे वळून पाहूं लागला, तर समजावें कीं तुमचा पोशाख बिघडला. तो फार ताठ तरी झाला, फार घट्ट तरी, नाहींतर फार नव्या टूमचा तरी, असें ब्रमेल म्हणे. कवि बायरन ह्याची व ब्रमेलची चांगली ओळख होती. ब्रमेलच्या पोशाखांत एक प्रकारचें औचित्य सोडून कांहींच विशेष नाहीं, असा त्याचाही अभिप्राय होता. ह्या सिद्धांताचा अर्थ दूरवर पोंचतो. जरीचा कोट पैशानें विकत घेतां येई. पण गळपट्ट्याची घडी ड्यूकलाही विकत मिळत नसे, ती शिकावी लागे. जन्मानें व जडजवाहिरानें ठरणारा दर्जा क्षणभर बाजूस सरला आणि जाणकारी व स्वच्छता ह्यांचें राज्य आलें. मध्यम घराण्यांतला एक माणूस सरदारांचा न्यायाधीश होऊन बसला, तो ह्याच वाटेनें. हें त्या रिकाम्या गप्पांचें खरें कार्य होय.

परंतु ह्या राज्याला दोन गोष्टींचा आधार होता. एक युवराजाची मर्जी आणि दुसरी उधारी. पहिली १८१३ च्या जुलैंत संपली. ब्रमेल, अल्वन्ली, मिल्डमे व पिअरपॉइंट ह्या चौघांनीं मिळून आर्गाइल रूम्समध्यें एक नाचाची मेजवानी दिली. आधींच बेबनाव झालेला होता. १८११ पासून राज्यपालक झालेला युवराज आला, त्यानें इतरांशीं भाषण केलें आणि ब्रमेलकडे न पाहतांच तो पुढें गेला. ब्रमेलनें मोठ्यानें विचारलें, “अल्वन्ली, तुझा हा लठ्ठ मित्र कोण?” युवराजाला आपल्या स्थूलतेचें दुःख होतेंच, तें वाक्य त्यानें कधीं विसरणें शक्य नव्हतें. ब्रमेल त्यानंतरही तीन वर्षें खिडकींत बसला आणि मंडळींनीं त्याला सोडलें नाहीं, हें त्याच्या अधिकाराचें गमक म्हटलें पाहिजे.

दुसरा आधार तुटला तो मात्र कायमचा. तरुण माणसाला नीटनेटकें राहण्यास वर्षाला किती खर्च येईल, असें एका बाईनें आपल्या मुलासाठीं विचारलें, तेव्हां बेताच्या काटकसरीनें ८०० पौंडांत भागेल, असें त्यानें उत्तर दिल्याचें सांगतात. त्या काळीं साधा मजूर वर्षाला ५० पौंडही क्वचितच पाही. वॉटियर क्लबांत पत्त्यांवर मोठमोठ्या रकमा लागत. जुगारांतील देणें हें अब्रूचें देणें, तें ताबडतोब फेडावयाचें. शिंप्याचें, चांभाराचें, परिटाचें बिल मात्र वर्षानुवर्षें पडून राहिलें तरी त्यांत कमीपणा नाहीं, अशी त्या समाजाची विलक्षण नीति होती. ज्यांच्या सुईनें आणि इस्त्रीनें हा सारा डौल उभा केला, त्यांनाच सर्वांत शेवटीं पैसे मिळत. अखेर मित्रांच्या सह्यांवर काढलेल्या कर्जाची भानगड एका भागीदारानें क्लबांत उघडपणें बोलून दाखविली. आतां खिडकींतल्या चर्चेचा विषय ब्रमेल स्वतःच झाला.

१६ मे १८१६ रोजीं त्यानें नेहमीप्रमाणें जेवण केलें, ऑपेरांत हजेरी लावली, आणि तेथून लवकर निघून घोड्याच्या गाडीनें डोव्हर गांठलें. दुसऱ्या दिवशीं तो फ्रान्सच्या किनाऱ्यावर कॅले येथें होता. त्याच महिन्यांत क्रिस्टीनें त्याच्या सामानाचा लिलांव केला. पुस्तकें, मद्य, चिनी मातीचीं भांडीं हीं सर्व विकलीं गेलीं. एका तपकिरीच्या डबींत चिठ्ठी निघाली. युवराज आपल्याशीं अधिक सभ्यपणें वागले असते तर ही डबी त्यांना द्यावयाची होती, असा तिचा आशय होता.

कॅलेमध्यें तो चौदा वर्षें राहिला. जुने मित्र पैसे पाठवीत, भेटावयास येत, आणि तो पुन्हा कर्ज करी. १८२१ सालीं राजा झालेला जुना मित्र चौथा जॉर्ज हॅनोव्हरला जातांना कॅलेवरून गेला; गांव लहान, तरी दोघांची भेट झाली नाहीं. १८३० सालीं स्नेह्यांच्या खटपटीनें त्याला कान येथें इंग्रज वकिलाची जागा मिळाली. ह्या जागेची आवश्यकता नाहीं असें त्यानेंच सरकारला लिहिलें. त्याला दुसरी चांगली जागा हवी होती. सरकारनें १८३२ सालीं ती जागा तेवढी रद्द केली. १८३५ सालीं सावकारांनीं त्याला तुरुंगांत टाकलें. सुमारें अडीच महिन्यांनीं इंग्लंडांतून आलेल्या पैशांनीं तो सुटला. पांढरा गळपट्टा धुण्यास परवडेना म्हणून तो काळा बांधूं लागला. मग बुद्धि ढळली. कांहीं सायंकाळीं तो खोलींत मेणबत्त्या लावी, पत्त्यांचें मेज मांडी, आणि ठरलेल्या वेळीं चाकर दार उघडून मोठमोठीं नांवें पुकारी. १८०६ सालींच मरण पावलेल्या डेव्हनशरच्या डचेसला तो उठून सामोरा जाई, तिला खुर्चीपर्यंत आणून बसवी. आणि मग मोकळ्या खुर्च्या पाहून रडूं लागे. ३० मार्च १८४० रोजीं कान येथील बों सोव्हर ह्या जोगिणींच्या रुग्णालयांत त्याचा अंत झाला.

ह्या माणसाचें मोल कसें करावें? कार्लाइलनें १८३३-३४ सालीं ‘सार्टर रिसार्टस’मध्यें कपडे घालणें हाच धर्म मानणाऱ्या ह्या पंथाची निर्दय थट्टा केली. उलट फ्रान्समध्यें बार्बे दोरव्हिलीनें १८४५ सालीं ब्रमेलवर पुस्तक लिहून त्याला तत्त्वज्ञाच्या जवळ नेऊन बसविलें. दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य आहे. ज्या बुद्धीनें घडीतला दोष दिसे, तिला शिंप्याच्या घरची चूल दिसली नाहीं. ज्या जिव्हेनें सरदारांना वठणीवर आणलें, तिनेंच अखेर आश्रयदाता तोडला. तरीही पुरुषाच्या पोशाखांतली जर गेली ती गेलीच. १९३० सालीं फ्लूगेल ह्या मानसशास्त्रज्ञानें ह्या घटनेला पुरुषांचा महात्याग असें नांव दिलें.

तो साधा गडद कोट पुढें साऱ्या जगांत पसरला. तो कारकुनानें घातला, वकिलानें घातला, शाळामास्तरानें घातला. इंग्रजी राज्याबरोबर तो मुंबईपुण्यासही आला. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या छायाचित्रांत तो पगडी व उपरणें ह्यांच्या शेजारीं निमूटपणें बसलेला दिसतो. व्हाइट्सची ती खिडकी अद्याप आहे. तिच्याजवळच्या जर्मिन रस्त्यावर २००२ सालीं ब्रमेलचा पुतळा उभा राहिला; जातां येतां शिंप्यांचीं व सदरेवाल्यांचीं दुकानें त्याच्या नजरेसमोर असतात. श्वाइत्सर, वेस्टन आणि मेयर ह्यांचा पुतळा मात्र कोठें नाहीं. कोट त्यांनीं शिवले होते.